जारमधली बाग

2020 सालच्या मार्च महिन्यात आमची दोन एकर थॉमसन काढणीला आली होती. व्यापारी बाग बघून, मणी चाखून, भाव ठरवून गेला. चार दिवसांनी लॉकडाऊन लागला आणि त्याचा फोन बंद झाला तो झालाच. बेदाण्याला शेड मिळेना. एप्रिल उजाडला. खरड छाटणीसाठी वेली मोकळ्या करणं भाग होतं, म्हणून नाना स्वतःच्या हाताने घड तोडून बांधावर टाकू लागले. मला ते बघवेना. वीस किलोचा एक क्रेट उचलून मी घरी आणला.

वाइन करायची हे मी नानांना सांगितलं नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी हरिपाठ. त्यांना काय सांगणार?

घड धुतले, हाताने कुस्करले, पंचाच्या फडक्यातून गाळले. बारा लिटर रस निघाला. शुगर 19 भरली. ती 22 पर्यंत न्यावी म्हणून अर्धा किलो साखर विरघळवली. बायकोने घरी पाव करायला आणलेलं यीस्ट चिमूटभर घातलं. पाण्याच्या वीस लिटरच्या जारमध्ये रस ओतला. झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं आणि जारला ओलं गोणपाट गुंडाळलं. उन्हाळाच तसा होता.

दुसऱ्या रात्री बाटली बुडबुडायला लागली. पडवीतून नानांचा आवाज आला, "काय करू राह्यला रे तिथं?"

"द्राक्षाचा रस ठेवलाय, नाना."

"रस कधी बोलतो का?" नाना उठून आले. गोणपाट बाजूला सारून वास घेतला. मी खाली मान घालून उभा. "माझ्या घरात दारू नको," एवढंच बोलून ते वळले. दारापाशी थांबून मात्र म्हणाले, "पण ओतू नको. ओतून ओतून हात दुखले माझे."

दहाबारा दिवसांनी बुडबुडे थांबले. गाळ तळाशी बसला, वर पिवळसर नितळ झालं. तेव्हाच ते बाटल्यांत गच्च भरून बुचं लावायला हवी होती. पण मी त्याच अर्ध्या रिकाम्या जारमध्ये ठेवलं आणि रोज झाकण उघडून घोटभर चाखत बसलो. आत हवा गेली. पहिला पाऊस पडेस्तोवर सगळ्याचा सिरका झाला होता.

त्या साली पायी वारीही निघाली नाही. नाना गप्प गप्प असायचे. एकदा जेवताना आईने चिरलेल्या कांद्यावर तो सिरका घातला. नानांनी विचारलं, "आता ही दारू नाही ना?"

"नाही नाना. आंबली."

त्यांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे बारीक केले. मग वाटी पुढे सरकवत आईला म्हणाले, "अजून घाल. यंदाच्या बागेचं एवढंच तोंडात पडलं."