सिस्टीम मागे, पट्ट्या जागेवर

वसमतच्या एका हळद-आडतीचा हिशोबाचा सर्व्हर मी सांभाळतो. हंगामात औंढा, कळमनुरीकडून माल उतरला की लिलावाचा भाव, काट्याचं वजन, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी, सगळं याच्यातूनच निघतं. अपग्रेड मी रात्री घेतो, पण टाळत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना सर्व्हर इंटरनेटला जोडून ठेवणं मला पटत नाही.

त्या रात्री अपग्रेड विनातक्रार झालं. सकाळी काटा सुरू झाला, नोंदी चढल्या, आणि पट्ट्या छापायला घेतल्यावर जोडाक्षरं फुटली. ज्ञानेश्वरमधला ‘ज्ञ’ तुटून दोन अक्षरं वेगवेगळी उमटली. अक्षरं जुळवणारी लायब्ररी रात्री बदलली होती आणि पट्टीच्या जुन्या प्रोग्रॅमचं तिच्याशी जमेना. मुनीमकाका म्हणाले, “मागं नेशील रे, पण सकाळचा काटा जाईल त्याचं काय?”

खरा प्रश्न हाच होता. सर्व्हरवर ओपनसुसे लीप ही लिनक्स आहे, डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम. तिथे झिपर या साधनाने पॅकेजं बदलली की स्नॅपर सिस्टीमच्या त्या-त्या क्षणाच्या स्थितीचा आधी एक आणि नंतर एक स्नॅपशॉट घेऊन ठेवतो. ही सगळ्या डिस्कची नक्कल नव्हे. बदललेला मजकूर नव्या जागी लिहिला जातो आणि जुना तसाच राखला जातो, म्हणून स्नॅपशॉट क्षणात होतो. मात्र 2018 च्या लीप 15 पासून ‘/व्हार’ हा सबव्हॉल्यूम या व्यवस्थेबाहेर, वेगळा असतो. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटा तिथेच आहे. म्हणजे अपग्रेडआधीच्या स्नॅपशॉटवर परतलं की सिस्टीम कालच्या रात्रीवर जाते, काट्याच्या नोंदी आजच्याच राहतात. लॉगही तिथेच, त्यामुळे बिघाडाचा मागही पुसला जात नाही.

तरी एक खात्री हवी होती. नव्या प्रोग्रॅमने डेटाची मांडणीच बदलली असेल, तर जुना प्रोग्रॅम ती वाचू शकत नाही. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती तीच होती, फक्त किरकोळ दुरुस्ती आली होती, आणि अशा दुरुस्तीत मांडणी बदलत नाही. तरीही आधी डेटाबेसचा पूर्ण डंप काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवला. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. त्याला बॅकअप समजणारे भेटतात तेव्हा मला काळजी वाटते.

मग मशीन रीबूट केलं, सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून अपग्रेडआधीचा स्नॅपशॉट निवडला. तो आधी फक्त वाचण्यापुरता उघडतो. एक पट्टी छापली. ‘ज्ञ’ अखंड आला. सकाळच्या नोंदी मुनीमकाकांनी स्वतः वहीशी ताडून पाहिल्या. त्यानंतरच ‘स्नॅपर रोलबॅक’ दिलं आणि पुन्हा रीबूट केलं.

ती एक लायब्ररी झिपरमध्ये लॉक केली आणि बाकीच्या दुरुस्त्या त्याच दिवशी रात्री पुन्हा चढवल्या. पट्टीचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी जुळवायचं काम आता एका वेगळ्या, जुन्या मशीनवर चालू आहे.