ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं

कॅलिफोर्नियात मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेची सुट्टी आली की इंटरस्टेट पाचवर ट्रेलरांची रांग लागते. पुढे पिकअप, मागे चाकांवरचं घर, आत मुलं, सायकली, गाद्या, भांडी. सेंट्रल व्हॅलीचा सपाट रस्ता संपतो, समोर ग्रेपव्हाइनचा डोंगर उभा राहतो आणि आजच्या पिकअप त्यावर न अडखळता चढून जातात. गिअर कधी पडला, कधी चढला, हे आत बसलेल्याला कळतही नाही. तीस वर्षांपूर्वी याच चढाला आम्ही सगळे गप्प होत असू. मुलांनाही ठाऊक असायचं की आता बाबांना गाडी ऐकू द्यायची.

तेव्हा बे एरियातल्या आम्हा चार मराठी कुटुंबांत मिळून दोन जुन्या पिकअप आणि दोन वापरलेले ट्रेलर होते. हॉटेलांचा खर्च परवडत नसे आणि पोरांना अमेरिका दाखवायची तर हौस होती. दक्षिणेकडे जायचं तर पहाटे चारला निघायचं. डब्यात पोहे, थर्मासमध्ये चहा. पहाटेचं कारण एकच, ऊन तापायच्या आत चढ पार झाला पाहिजे. ग्रेपव्हाइनचा चढ सहा टक्क्यांचा, सलग पाच मैलांहून लांब, आणि वर तेहोन खिंड 4,100 फुटांच्याही वर. पायथ्याशी पाटी दिसायची, ‘गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा’. आम्ही एसी बंद करायचो, खिडक्या उघडायचो आणि इंजिन फारच तापलं तर उलट हीटर चालू करायचो, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आमच्या पायांवर येऊन बाहेर पडे. डेथ व्हॅलीच्या वाटेवर तर रस्त्याकडेला रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्याच ठेवलेल्या असत. स्टोव्हपाइप वेल्सपासून टाउन पासपर्यंतचा रस्ता समुद्रसपाटीजवळून निघून जवळपास 5,000 फुटांवर जातो. त्या टाक्यांची किंमत तिथे कळायची.

पण खरी काळजी रेडिएटरची नसे. पाणी उकळलं तर दिसतं, वाफ येते, थांबता येतं. गिअरबॉक्स मुकाट तापतो. त्या काळच्या ऑटोमॅटिकला चार गिअर असत आणि चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. त्याच्या आधीच्या पिढीच्या दणकट ऑटोमॅटिकना, जनरल मोटर्सच्या टर्बो 400ला किंवा फोर्डच्या सी-6ला, तीनच गिअर होते. वरच्या गिअरला इंजिन आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरत. सत्तरच्या दशकात तेल महागलं, कंपन्या पेट्रोल वाचवायला लागल्या आणि 1982 साली जनरल मोटर्सने 700 आर 4 हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक आणला. त्याच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या 700 फेऱ्यांत शाफ्टच्या 1,000 फेऱ्या होतात. फोर्डचा ई4ओडी 1989 साली आला. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवायला हा चौथा गिअर वरदान होता. मागे चार-पाच हजार पौंडांचा ट्रेलर लागला की तोच घातक ठरायचा.

कारण साधं होतं. चढ लागला की चौथा गिअर ओढू शकत नाही, गाडी तिसऱ्यावर येते. जरा वेग आला की पुन्हा चौथा. पुन्हा तिसरा. प्रत्येक बदलात आतल्या क्लच प्लेटा क्षणभर घसरतात. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाचं, लॉक सुटलं की इंजिनाची ताकद तेल घुसळण्यात जाते आणि त्या घुसळण्याची उष्णता होते. ऑटोमॅटिकमध्ये तेलच ताकद वाहून नेतं, तेलच वंगण करतं आणि तेलच गारवा देतं. ते बिघडलं की सगळंच बिघडलं. जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा होता की तेल 80 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर लाखभर मैल चालतं आणि त्यावर दर दहा-अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून ट्रेलर लावला की ओव्हरड्राइव्ह बंद, हा आमचा पहिला नियम. काही गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या दांड्याच्या टोकाला बटण असे, काहींत दांडाच एक घर खाली ओढावा लागे. इंजिन थोडं ओरडायचं, पेट्रोल जास्त जायचं, पण गिअरबॉक्स वाचायचा.

दुसरा नियम डिपस्टिकचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी एक फेरी मारून आणायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसायची. तेल लालभडक आणि स्वच्छ असलं की समाधान. तपकिरी झालं आणि करपल्याचा वास आला की बदलायची वेळ. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलेलं, मग ट्रिप रद्द. तेल बदलताना खालचा पॅन उघडला की तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसायचा. तो चालतो. धातूचे कण, तुकडे दिसले की समजायचं, आतलं काहीतरी झिजत नाही, तुटतंय. हे आम्हाला शेजारच्या एका निवृत्त अमेरिकन मेकॅनिकने शिकवलं. रेडिएटरच्या पुढे जादा कूलर बसवायला त्यांनीच लावलं आणि डॅशबोर्डखाली तेलाच्या तापमानाचा काटाही त्यांनीच जोडून दिला. त्या काट्यावर माझी बायको लक्ष ठेवायची आणि मी रस्त्यावर.

तिसरा नियम माझ्या वडिलांचा. आबा एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण-कराड रस्त्यावर कुंभार्ली घाटात त्यांची उमर गेली. ते अमेरिकेत आले तेव्हा त्यांना घेऊन आम्ही लॉस एंजेलिसहून परतत होतो. ग्रेपव्हाइनचा उतार सुरू झाला, रस्त्याकडेला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी वाळू-खडीचे रॅम्प दिसले.

आबा म्हणाले, “हे कशासाठी रे?”

मी सांगितलं.

“म्हणजे घाट सगळीकडे सारखाच. बाबा रे, ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ब्रेक तापतील, आणि तापलेला ब्रेक लागत नाही.”

“आबा, ही ऑटोमॅटिक आहे.”

“असू दे. गिअर आहेत ना?”

होते. दांडा दुसऱ्यावर ओढला, इंजिनाने गाडी धरली आणि मागचा ट्रेलर शांतपणे खाली आला. एसटीत डबल क्लच मारून गिअर टाकणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा ऑटोमॅटिक गाडी पाहिली होती आणि त्यांचं शास्त्र तिला तंतोतंत लागू पडलं.

चौथा नियम आम्हाला कायद्याने घालून दिला होता. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कॅलिफोर्नियात ताशी 55 मैलांची मर्यादा, आणि ती आजही आहे. 1974 ते 1987 या काळात तर देशभरच 55ची मर्यादा होती, तेव्हा कुणी घाई करतच नसे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 55ऐवजी 65ने गेलं की ट्रेलरच्या सपाट तोंडावर वारा सुमारे 40 टक्के जास्त जोराने आदळतो आणि तो सगळा भार शेवटी गिअरबॉक्सवर येतो. आम्ही उजव्या लेनमधून निवांत जायचो. वाटेतल्या बदामाच्या बागा, कालवे, गुरांचे गोठे मुलांना पाठ झाले होते.

आता माझ्या मुलीकडे नवी पिकअप आहे. 2017पासून फोर्डच्या एफ-150मध्ये जनरल मोटर्सच्या जोडीने विकसित केलेला दहा गिअरांचा ऑटोमॅटिक आला, आणि आता अशा गाड्या सर्रास दिसतात. ‘टो-हॉल’चं बटण दाबलं की गाडी गिअर धरून ठेवते, उताराला स्वतःहून खालचा गिअर टाकते. म्हणजे आबांचा नियम आता संगणकाला शिकवलेला आहे. मोठा कूलर कारखान्यातूनच येतो, तेलाचं तापमान पडद्यावर आकड्यात दिसतं, ट्रेलरचे ब्रेक गाडीच सांभाळते. हे सगळं चांगलं आहे आणि मनापासून हवंसं आहे. नातवंडं मागे बसलेली असताना माझ्या मुलीला चढावर श्वास रोखावा लागत नाही, याचा मला आनंद आहे.

पण त्या गाडीत बॉनेट उघडून पाहता येईल अशी गिअरबॉक्सची डिपस्टिकच नाही. तेलाचा रंग पाहायचा तर गाडी जॅकवर चढवून खालून प्लग उघडावा लागतो. त्यामुळे कुणी पाहत नाही. आवाज बंद काचांच्या आत येत नाही, वास येत नाही, मजल्याची थरथर पायाला लागत नाही. आम्ही गाडी चालवायचो तेव्हा तिच्या पोटात काय चाललंय ते कान, नाक आणि तळवे सांगायचे. चढ संपला की इंजिन लगेच बंद न करता पाच-दहा मिनिटं मंद चालू ठेवायचं, तेल कूलरमधून फिरू द्यायचं, तेवढ्यात सगळ्यांनी खाली उतरून पाय मोकळे करायचे. त्या सक्तीच्या थांब्यांवर चार कुटुंबांच्या जितक्या गप्पा झाल्या, तितक्या कुठल्या कॅम्पवर झाल्या नाहीत. यंत्राला विसावा हवा होता म्हणून माणसांनाही मिळत होता. मला त्या दिवसांतलं हेच सर्वांत जास्त आठवतं.

त्या काळच्या पिकअप अजून रस्त्यावर आहेत आणि नव्या गाड्यांच्या किमती पाहता तरुण मराठी कुटुंबं त्या पुन्हा विकत घेऊ लागली आहेत. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. तेल आणि फिल्टर पहिल्या ट्रिपच्या आधी बदला, आधीच्या मालकाच्या शब्दावर राहू नका. जादा कूलर आणि तापमानाचा काटा बसवा, त्याचा खर्च गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. ट्रेलर सामानासकट वजनकाट्यावर नेऊन वजन करून घ्या आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मर्यादेच्या बरंच खाली राहा. ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, 55ने चला, आणि उतार लागला की खालचा गिअर टाका. जुनी गाडी स्वतःची काळजी घेत नाही. ती तुम्ही घ्या, गाडी तुम्हाला नक्की घरी आणेल.