मराठी की महाराष्ट्रीय?

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, नर्मदेच्या अलीकडे, डही हे आमचे गाव. वस्ती बहुतांशी भिल्ल-भिलालांची. बाजारात कानी पडते ती भिलाली, निमाडी आणि हिंदी. गावातील जुनी मंडळी आमच्या घराला ‘दक्षिणी’ म्हणत. पुण्याचे आप्त आम्हांस ‘इंदूरकडचे’ म्हणतात. नव्या ओळखीचे लोक मात्र सरळ ‘महाराष्ट्रीय’ म्हणून मोकळे होतात, आणि तेथेच माझे मन अडखळते.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी जन्मास आले. धार व देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली ती अठराव्या शतकात, आणि १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली. म्हणजे ज्या राज्याच्या नावाने आम्हांस ओळखावे, ते निर्माण होण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणसे या मुलखात नांदत आहेत. ‘मराठा’ म्हणावे, तर त्या शब्दाला आज जातीचा अर्थ आहे. तो सर्वांना लागू पडत नाही.

अमेरिकेतही असाच पेच आहे. तेथे ‘हिस्पॅनिक’ आणि ‘लॅटिनो’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः पहिला स्पॅनिश भाषेच्या वारशावरून आला, दुसरा लॅटिन अमेरिकेच्या भूमीवरून. त्यामुळे स्पेनचा मनुष्य हिस्पॅनिक खरा, पण लॅटिनो नव्हे. आणि पोर्तुगीज बोलणारा ब्राझीलचा मनुष्य लॅटिनो, पण हिस्पॅनिक नव्हे. तेथील जनगणनेत १९८० साली हिस्पॅनिक हा शब्द सर्वांना विचारलेल्या प्रश्नात आला. २००० साली त्याच्या जोडीला लॅटिनो आला. पुष्कळांना मात्र स्वतःला मेक्सिकन किंवा क्यूबन म्हणवून घेणेच अधिक रुचते.

हाच भेद आपल्याकडे लावून पाहावा. मुंबईत पिढ्यान् पिढ्या राहिलेले गुजराती कुटुंब महाराष्ट्रीय आहे, पण त्याची मातृभाषा मराठी नाही. आमची मातृभाषा मराठी, पण आम्ही मध्य प्रदेशचे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. राज्यघटनेच्या २९ व ३० या अनुच्छेदांत भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण आहे, आणि असा अल्पसंख्याक राज्यनिहाय ठरवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. हा हक्क पूर्वज कोठून आले यावर नव्हे, तर भाषेवर उभा आहे. आणि ती भाषा बोलणारे किती, हे जनगणनेतील मातृभाषेच्या रकान्यावरून कळते. मुले शाळेत हिंदी शिकतात, व्यवहार हिंदीत चालतो, म्हणून तेथेही सवयीने ‘हिंदी’ सांगणारी मराठी घरे माझ्या पाहण्यात आहेत. हिंदीशी आमचे वैर नाही. तिनेच आम्हांला पोसले. पण रकान्यात विचारलेले असते ते मातृभाषेविषयी.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की प्रगणक दाराशी आला म्हणजे महाराष्ट्रात आपले गाव कोणते, हे आठवत बसू नये. घरात आजी नातवंडांशी ज्या भाषेत बोलते, तिचे नाव सांगावे.