कातळावरचे नाव

आर्मेनियाची राजधानी येरेवानपासून सुमारे ४० किलोमीटरवर, अझात नदीच्या अरुंद खोऱ्यात, गेघार्दचा मठ डोंगरकड्याला बिलगून उभा आहे. परंपरा त्याचा आरंभ चौथ्या शतकातील संत ग्रेगोरी यांच्यापर्यंत नेते. ‘आयरीवांक’, म्हणजे गुहांचा मठ, हे त्याचे जुने नाव. समोरचे मुख्य मंदिर १२१५ साली चिऱ्यांनी बांधले गेले. त्यामागील दालने मात्र सलग कातळातून कोरलेली आहेत. खांब, कमानी, घुमट, सारे एकाच खडकाचे. वेरूळच्या इंद्रसभेत ज्यांनी पाऊल ठेवले आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

पुण्याचे एक वयोवृद्ध कापडव्यापारी सपत्नीक तेथे गेले होते. गावच्या धर्मशाळेच्या जीर्णोद्धारासाठी दोघा भावांनी रक्कम काढून ठेवली होती. परंतु फलकावर कोणाचे नाव आधी यावे, यावरून वर्षभर काम अडले होते आणि बोलणेही.

तेराव्या शतकात प्रोश्यान या सरदार घराण्याने हा मठ विकत घेतला आणि कातळातील दालने कोरवून घेतली. त्यांच्या समाधिदालनात घराण्याचे चिन्ह आहे: साखळीने बांधलेले दोन सिंह आणि त्यांच्याखाली पंजात कोकरू धरलेला गरुड. ते कोकरू पाहून बाईंनी क्षणभर नजर वळवली. वरच्या मजल्यावरील १२८८ च्या दालनात पापाक आणि त्याची पत्नी रुझुकान यांची समाधी आहे. वाटाड्याने भिंतीवरचे लेख वाचून दाखवले. व्यापारी त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिले.

“एवढा खर्च केला, नावही कोरलं, पण आपल्याला एक अक्षर लागत नाही,” ते म्हणाले.

शेजारच्या पहिल्या गुहामंदिरात डोंगराच्या पोटातून झरा वाहतो. मठाच्याही आधीपासून हा झरा पवित्र मानला जाई. येणारा प्रत्येक जण ओंजळ पुढे करत होता. कोणी डोळ्यांना पाणी लावत होते, कोणी बाटली भरून घेत होते.

बाई म्हणाल्या, “अहो, नाव वाचता आलं नाही म्हणून यांतल्या कोणाचं काही अडलंय का? पाणी मात्र सगळ्यांना मिळतंय.”

ते काहीच बोलले नाहीत. घुमटाच्या झरोक्यातून उतरणारा प्रकाश ओल्या फरशीवर सरकत होता. प्रोश्यानांचे दान वाया गेले नव्हते. सातशे वर्षांनंतरही त्यांच्या छताखाली अनोळखी माणसे विसावत होती. नावाचे काम केव्हाच संपले होते, छताचे संपले नव्हते.

त्या संध्याकाळी येरेवानहून त्यांनी धाकट्या भावाला फोन केला. वर्षभरातला तो पहिलाच. “फलकाचं मागाहून पाहू,” ते म्हणाले, “विहिरीचं आणि यात्रेकरूंच्या खोल्यांचं काम तू उद्याच सुरू कर.”