भरलेलं चलन मागा

नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटणार म्हटलं की आपण स्वतःलाच सजवायला घेतो. जुन्या कामांचे स्क्रीनशॉट, प्रेझेंटेशन, इस्त्रीचा शर्ट. पण एकट्यानं सॉफ्टवेअरची कामं घेताना माझा जास्त वेळ समोरच्याचा धंदा समजून घेण्यात जातो. माझी बरीचशी कामं कोल्हापूरकडच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली. फाउंड्री, मशीनशॉप अशी. मी कोणत्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो याच्याशी तिथल्या मालकाला देणंघेणं नसतं. मशिनिंगला बाहेर गेलेल्या मालातला परत किती आला, एवढं संध्याकाळपर्यंत कळलं की त्याचं भागतं.

थोडी तयारी घरबसल्या होते. जीएसटी पोर्टलवर गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक टाकला की नोंदणी कधीची आणि धंदा एकट्याचा की भागीदारीतला, ते फुकटात दिसतं. भागीदारी असेल, तर 'शेवटचा शब्द कोणाचा?' हा प्रश्न वहीत लिहून ठेवतो. हिशेब बहुधा टॅलीतच असतात. 'त्याला जोडता येईल का?' असं विचारलं जाणारच. जोडता येतं, टॅली एक्सएमएलमधून माहिती घेते आणि देतेही.

खरी तयारी मात्र भेटीची वेळ ठरवतानाच फोनवर होते. "साहेब, जॉबवर्कचं एक चलन काढून ठेवाल का? कोरं नको, भरलेलं." जॉबवर्कला, म्हणजे मशिनिंगसारख्या कामाला बाहेर जाणाऱ्या मालासोबतचा कागद म्हणजे हे चलन. कोऱ्या चलनावर कामाची पद्धत छापलेली असते, भरलेल्यावर काम कसं चालतं ते दिसतं. छापील रकाना 'नग', त्यात 240. शेजारी निळ्या पेनानं दाटीवाटीनं वजन लिहिलेलं, कारण कास्टिंग किलोवर विकलं जातं आणि मशिनिंगची मजुरी नगावर ठरते. खाली कोपऱ्यात '12 ब्लो होल'. म्हणजे कातताना आत पोकळी निघाली, बारा नग बाद.

मी त्या बारावर बोट ठेवतो. "यांची मजुरी द्यावी लागते का?" इथून मालक मोकळेपणी बोलायला लागतात. दोष ओतकामाचा असेल तर काय, नग मशीनवर बिघडला तर काय, वाद झाला तर कोण मिटवतं. कायद्याचा धागाही याच कागदात असतो. जॉबवर्कला गेलेला माल वर्षभरात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच तो पुरवला असं धरून जीएसटी लागतो. तेव्हा कोणतं चलन किती दिवस उघडं आहे, हे दाखवणारी यादी त्यांनी मागितली नसली तरी मी सुचवतो.

चहा संपायच्या आत "अंदाजे किती होतील?" हे येतंच. तिथे आकडा फेकायचा नाही. आधी थोड्या दिवसांचा अभ्यास, त्याचे वेगळे पैसे, आणि त्याचा लेखी अहवाल त्यांच्या मालकीचा. मग तो घेऊन ते दुसऱ्याकडे गेले तरी हरकत नाही. एवढ्यालाही नकार मिळाला तर पुढची बिलं वेळेवर निघतील, ही आशा सोडावी.

पहिल्या भेटीला लॅपटॉप जरूर न्या, पण लगेच उघडू नका. आधी चलन मागा, आणि त्यावर पेनानं लिहिलेलं नीट वाचा.