न घेतलेलं कर्ज

अप्पांच्या नावावर कोणीतरी कर्ज काढलं, याचा राग आता बराच ओसरलाय. चोर तो चोरच. पण ते कर्ज आपण काढलेलं नाही हे अप्पांनीच सिद्ध करावं, असं ज्यांनी आम्हाला ऐकवलं त्यांच्यावरचा राग मात्र अजून जात नाही.

अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. जुलैत, रिटर्न भरायच्या धांदलीत, आयकर खात्याच्या नावानं त्यांना मेल आला. रिफंड मंजूर झालाय, केवायसी तेवढी अपुरी आहे. लिंक उघडली तर पॅन, आधारच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि एक सेल्फी मागितलेला. ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे अप्पांना पाठ होतं, पण ओटीपी कोणी मागितलाच नाही. खात्यातून रुपयाही गेला नाही. म्हणून त्या मेलची आठवणसुद्धा कोणाला राहिली नाही.

फेब्रुवारीत वसुलीचा माणूस दारात उभा राहिला. एका ॲपवरून नोव्हेंबरमध्ये कर्ज काढलंय, हप्ते थकलेत, म्हणाला. अप्पा सांगत होते की मी असं काही घेतलेलं नाही, तर हा जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "काका, मास्तर होता ना तुम्ही? मग असं बुडवता?" त्यानंतर कितीतरी दिवस अप्पा संध्याकाळचे फिरायला गेले नाहीत.

आम्ही कर्जाचे कागद मागवले. मोबाइल नंबर अप्पांचा नव्हता. पैसे जमा झाले ते खातं अप्पांचं नव्हतं, शाखा तर परराज्यातली. आणि अर्जाला जोडलेला 'लाइव्ह फोटो' होता तो जुलैतला सेल्फी. आमचं स्वयंपाकघर, अप्पांचा घरातला बनियन, मागे भिंतीवर कालनिर्णय. पान जुलैचं. महिन्याचं नाव फोटो मोठा न करताही वाचता येत होतं. नोव्हेंबरमध्ये त्या क्षणी काढला म्हणून ज्यांनी तो फोटो स्वीकारला, त्यांच्याकडे एकाही माणसानं तो नीट पाहिला नव्हता.

मी हे सगळं फोनवर सांगितलं. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये व्हेरिफाइड दाखवतंय. कर्ज तुम्ही घेतलं नाही याचा पुरावा द्या." न घेतल्याचा पुरावा कुठून आणायचा? नंबर दुसऱ्याचा, खातं दुसऱ्याचं, फोटो शिळा, आणि हे तिन्ही पुरावे त्यांच्याच फायलीत. खात्यातून ऑनलाइन पैसे परस्पर गेले तर ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं काम बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 सालीच सांगून ठेवलंय. इथे मात्र त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं पासबुकं काढून दाखवायची.

क्रेडिट रिपोर्टमधल्या या कर्जाच्या नोंदीबद्दल सिबिलकडे तक्रार केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. रिपोर्टमधली नोंद ते स्वतःहून बदलत नाहीत, कर्ज देणाऱ्यालाच विचारतात. त्यानं कळवलं, माहिती बरोबर आहे. म्हणजे ज्यानं डोळे झाकून कर्ज दिलं, निकालही त्यानंच द्यायचा. हा अन्याय आहे, आणि 'ग्राहकांनी सतर्क राहावं' या जाहिरातींनी तो झाकला जातो. सतर्क कर्ज देणाऱ्यानं नको का राहायला?

शेवटी रीतसर मार्ग धरला. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार, तिची पोच घेऊन पोलीस ठाणे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे जुलैच्या पानाचा फोटो कामी आला. कर्ज रद्द झाल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. दिलगिरीचा शब्द त्यात नाही.

त्या दिवसांत मी म्हणत होते, अप्पांच्या फोनमधून मेलच काढून टाकू. आज मला ते पटत नाही. आता ते विजेचं बिलसुद्धा मला विचारल्याशिवाय भरत नाहीत, आणि ज्या माणसानं शाळेचे हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवले त्याला असं बिचकताना बघवत नाही. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचायचा, लिंक न दाबता साइट स्वतः उघडायची, आधार द्यायचंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं द्यायचं, एवढं त्यांना सहज जमतं.

वाचकांना एकच विनंती. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. ज्यांनी आयुष्यात कर्ज काढलं नाही अशा घरातल्या मोठ्या माणसांचाही तो मागवा. रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम 2024 पासून लागू आहे, तीही मागा. अनोळखी कर्ज किंवा तुम्ही न केलेली चौकशी रिपोर्टमध्ये दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा, वसुलीवाला दारात येईपर्यंत थांबू नका.