डावीकडचा आरसा

डोव्हरहून फेरीबोटीने दीड तासात आम्ही फ्रान्समध्ये कॅलेला उतरलो. मोटारीत अम्मी आणि मुले, मागे जोडलेली कॅरॅव्हॅन. ती मोटारीपेक्षा रुंद, म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्यांनी जादा आरसे बसवलेले. ब्रिटनमध्ये मागचे नीट दिसत नसेल तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिकडे वाहने डावीकडून चालतात आणि पुढे जाणारी गाडी उजवीकडून येते, अगदी चालकाच्या बाजूने. फ्रान्समध्ये सारे उलट. आमचे स्टिअरिंग उजवीकडेच राहिले. कामाचा आरसा मात्र डावीकडे, बेगमच्या बाजूला गेला.

महामार्गावर एका संथ ट्रकला ओलांडायला निघालो, तोच बेगम ओरडल्या, "अहो, थांबा!" डावीकडून एक मोटार सुर्रकन गेली. आरशात पाहिले तर नुसते आभाळ! वाऱ्याने तो कलला होता.

पुढच्या थांब्यावर मोठा मुलगा कॅरॅव्हॅनच्या मागे थोडा दूर उभा राहिला. तो दिसेपर्यंत आरसा फिरवला, पट्टा आवळला. अम्मींनी थर्मासातला चहा दिला, तरी हात थरथरतच होते.

आता प्रत्येक थांब्यानंतर आधी डावा आरसा, मग चावी. आणि लेन बदलण्याआधी बेगमचा होकार.